खांद्याचा रोटेटर कफ फाटलाय, फिजिओथेरपीने भागेल का?

चिंचगुळ
मंडळी, सल्ला हवाय. वय ५४, शाळेत गणित शिकवते. दिवाळीच्या आसपास उजवा खांदा दुखायला लागला. साफसफाईत आखडला असेल म्हणून बाम चोळून काढले काही दिवस. आता फळ्याच्या वरच्या भागात लिहिता येत नाही. हात बाजूने वर न्यायला लागलं की खांद्याच्या उंचीच्या आसपास कळ येते, तेवढा टप्पा पार झाला की पुन्हा बरं वाटतं. रात्री त्या कुशीवर झोपायची सोय नाही. मागे हात नेऊन हूक लावणं बंदच.

एमआरआय झाला. रोटेटर कफमधल्या सुप्रास्पिनेटस टेंडनला (म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) अर्धवट फाट, थोडा बर्सायटिस (तिथल्या पिशवीची सूज) आणि 'टाइप २ अ‍ॅक्रोमियन' (खांद्यावरच्या हाडाचा आकार) असं लिहून आलंय. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलं. हाड थोडं घासू, टेंडन शिवू म्हणाले. दुसऱ्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, हात सगळीकडून फिरवून बघितला आणि म्हणाले, तीन महिने मन लावून फिजिओथेरपी करा, मग बोलू.

फाटलेली वस्तू व्यायामाने कशी सांधणार, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. उलट जास्त फाटली तर? ज्यांनी केलंय त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. आणि ती शेकायची मशिनं असतात त्यांनी काही होतं का?

पावशेर
वाचतोय. माझाही डावा अधूनमधून बोलतो.

कर्जत_स्लो
फळ्यावर खालीच लिहा. मागच्या बाकावरच्यांना तसंही काही दिसत नाही, आम्ही तिथलेच.

गंमत सोडा. मला उजव्यालाच झालं होतं, तेही अर्धवट फाट. लोकलमध्ये वरची कडी धरता येईना, धक्का बसला की डोळ्यांपुढे काजवे. ऑपरेशन न करता बरा झालो. पण 'फिजिओ केली' म्हणजे काय केलं हे महत्त्वाचं. सुरुवातीला नुसतं मशीन लावून घेत होतो, तेव्हा दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत बरं वाटायचं आणि ठाणं येईपर्यंत पुन्हा तेच. खरा फरक रबरी पट्टीचे व्यायाम रोज घरी करायला लागल्यावर पडला. पहिला महिना तर वाटतं, काही होत नाहीये, उगाच करतोय.

डंबेलराव
एमआरआयमध्ये फाट दिसली म्हणून घाबरू नका. जिममधल्या निम्म्या लोकांचा एमआरआय काढला तर निम्म्यांत काहीतरी सापडेल.

तळटीप
"निम्म्यांत निम्मे" हे गणित बाईंसमोर मांडू नका हो.

पण मुद्दा बरोबर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. खांदा अजिबात दुखत नसलेल्या ९६ लोकांचे एमआरआय काढले. ३४ टक्क्यांच्या कफमध्ये फाट निघाली, आणि साठीच्या पुढच्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे फाट असणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

चिंचगुळ, एक विचारते. शुगर आहे का?

सदूभाऊ_निफाड
आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. लोणी-हळद लावून खांदा मळतात, शेकतात. वर्षभर जू वाहिलेलं असतं त्यानं. आमचे आण्णा म्हणायचे, बैलाला एक दिवस तरी मिळतो, माणसाला तोही नाही. तेव्हा ताई, शेकून घ्या बिनधास्त. निर्गुंडीचं तेल कोमट करून लावा. नुकसान तरी नाही.

चिंचगुळ
@तळटीप, हो. सहा-सात वर्षं आहे. गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८ आला होता. त्याचा खांद्याशी काय संबंध?

@सदूभाऊ, तेल चालू आहे. घरात सगळे म्हणतात आयुर्वेदिक दुकानाचा वास येतो.

ऋता_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांदे-गुडघेच जास्त बघते. इथून तपासणी होत नाही, त्यामुळे जे लिहिते ते समजून घेण्यापुरतं.

आधी शुगरचं. मधुमेहात 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे सांधाच आखडून बसणं, खूप जास्त दिसतो, आणि लोक सरसकट सगळ्या दुखऱ्या खांद्यांना फ्रोझनच म्हणतात. फरक घरीही बऱ्यापैकी कळतो. हात सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी हळूच वर उचलायला सांगा. कफच्या दुखण्यात स्वतःहून उचलताना जीव जातो, पण दुसऱ्याने उचलला तर बराचसा वर जातो. फ्रोझनमध्ये कुणीही उचलला तरी अडतोच, आणि कोपर अंगाला लावून पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवायला गेलं की तर अजिबात सरकत नाही. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी हात सगळीकडून फिरवला तो हेच बघायला.

आता फाटलेलं व्यायामाने कसं सांधणार? बहुतेक वेळा सांधत नाहीच. तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढलात तर फाट तिथेच दिसेल बहुधा. मग उपयोग काय, तर रोटेटर कफ हे चार स्नायू आहेत. सुप्रास्पिनेटस वरून, इन्फ्रास्पिनेटस आणि टेरेस मायनर मागून, सबस्कॅप्युलॅरिस पुढून. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ, त्यामुळे गोळा खोबणीत मधोमध धरून ठेवायचं काम या चौघांचं. वरचा मोठा डेल्टॉइड हात उचलतो तेव्हा तो गोळ्याला वर ओढत असतो. कफ दमला की गोळा वर सरकतो आणि मधली जागा चिमटते. चिंचगुळ, खांद्याच्या उंचीला कळ आणि पुढे बरं, हे जे तुम्ही लिहिलंय ते साधारण ६० ते १२० अंशांच्या मधलं ठरलेलं दुखणं आहे. चौघांपैकी एकाचे काही धागे गेले तरी उरलेले धागे आणि बाकीचे तिघे ताकदवान केले की काम भागतं. टेंडनलाही हळूहळू वाढवत नेलेला भार मानवतो. पूर्ण विश्रांती मानवत नाही.

मी साधारण असं करून घेते:

पहिले काही आठवडे दुखणं खाली आणायचं, पण हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. टेबलाला चांगल्या हाताचा टेकू देऊन वाकायचं आणि दुखरा हात लोलकासारखा सैल झुलवायचा. झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं. दाराच्या चौकटीशी उभं राहून, कोपर काटकोनात, मनगटाची बाहेरची बाजू चौकटीला लावून नुसतं दाबायचं, हात हलवायचा नाही. निम्म्या ताकदीने, दहा सेकंद.

मग पट्टी. खिडकीच्या गजाला बांधा, कोपराच्या उंचीला. काखेत घडी घातलेला छोटा टॉवेल धरा. तो खाली पडला म्हणजे कोपर अंगापासून सुटलं, म्हणजे चुकीच्या स्नायूने ओढलंत. पुढचा हात पोटापासून बाहेरच्या बाजूला न्यायचा, जाताना दोन सेकंद, येताना चार. येतानाचं लोक विसरतात, पट्टी सटकन सोडून देतात. अर्धं काम त्या परतीत आहे. पट्टी नसेल तर चांगल्या कुशीवर झोपून अर्धा लिटरच्या बाटलीत थोडं पाणी घ्या आणि तीच हालचाल करा. दर आठवड्याला पाणी वाढवा. याच्या जोडीला पाठीमागच्या सपाट हाडाचे स्नायू, म्हणजे पट्टी दोन्ही हातांनी मागे ओढणं, भिंतीला टेकून जोर मारणं वगैरे.

शेवटी तुमचं रोजचं काम. फळा, पोळ्या, कपडे दांडीवर टाकणं.

दुखणं किती चालेल? दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी ते पूर्वपदावर यायला हवं. सकाळीही ठणकत असेल तर भार कमी करा, सोडू नका.

मशिनं: शेक, आयएफटी (चिकट पॅड लावून सौम्य विजेचा प्रवाह), अल्ट्रासाउंड. थोडा वेळ आराम वाटतो, त्या आरामात व्यायाम करून घेता आला तर तेवढा उपयोग. नुसतं मशीन लावून घरी पाठवणं म्हणजे उपचार झाला असं मी मानत नाही. माझ्याच व्यवसायातले काही चिडतील.

मोगरा_अबोली
ऋता, परतीचं वाचून आत्ता पट्टी घेऊन करून बघितलं. खरंच वेगळं लागतं.

बेळगावचा_कुंदा
मी चिडलेल्यांपैकी नाही, पैसे भरलेल्यांपैकी आहे. आमच्या इथल्या एका सेंटरने आधीच अख्खं पॅकेज गळ्यात मारलं. रोज आडवं झोपवायचे, चार चिकट पॅड लावायचे, पडदा ओढायचे. मुंग्या यायच्या, झोप मस्त लागायची. व्यायामाचं विचारलं की "पुढच्या टप्प्यात". तो टप्पा पॅकेज संपेपर्यंत आलाच नाही. झोप विकत घेतली म्हणायची.

शवासनप्रिय
झोपेला नावं ठेवू नका.

योग करणाऱ्यांसाठी: खांदा दुखत असताना सूर्यनमस्कारातलं पर्वतासन आणि त्यानंतर दंडांवर शरीर तोलत खाली जाणं थांबवा. आमच्या वर्गात गुरुजी अशांना भिंतीवर हात टेकून अर्ध्या कोनात करायला लावतात. गोमुखासनात मागे बोटं गुंफायचा हट्ट तर अजिबात नको.

लेस्टरकर
इंग्लंडातला अनुभव देतो. इथे आधी फिजिओकडेच पाठवतात, सर्जन दिसायलाच महिने जातात. माझ्या बायकोला फिजिओने एकदा नीट तासभर तपासलं, व्यायामाची पुस्तिका दिली आणि सांगितलं, घरी कर, अडलं तर फोन कर. आम्ही वैतागलो, म्हटलं टाळताहेत. पण इथे ग्रास्प नावाची मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, ७०८ रुग्ण. एका गटाला फिजिओबरोबर सहापर्यंत सत्रं, दुसऱ्याला एकच नीट समजावून सांगणारं सत्र आणि घरचे व्यायाम. वर्षभराने दोन्ही गट सारखेच. रोजच्या पॅकेजवाल्यांनी हे भिंतीवर लावायला हवं.

आणि हाड घासण्याचं तर विचारूच नका. सीसॉ नावाच्या दुसऱ्या चाचणीत काही जणांना खरं ऑपरेशन केलं, काहींना नुसती दुर्बीण घालून हाडाला हात न लावता बाहेर काढली. दोघांत रुग्णाला जाणवेल एवढा फरक निघाला नाही. त्यामुळे ताई, ऑपरेशन विसरा.

हाडंबिडं
मी ऑर्थोपेडिक सर्जन. शस्त्रक्रिया न सांगणाऱ्या गटात मोडतो, पण वरचं वाक्य पुसायला हवं.

सीसॉ चाचणीत ज्यांचे टेंडन शाबूत होते असेच रुग्ण घेतले होते. प्रश्न फक्त हाड घासण्याचा होता. त्यावरून फाटलेला कफ शिवण्याबद्दल काही म्हणता येत नाही. चिंचगुळ यांना सांगितलेल्या ऑपरेशनचे दोन भाग आहेत. हाड घासणं, ज्याचा पाया बराच डळमळलाय. आणि शिवणं, ज्याचं उत्तर माणसागणिक बदलतं.

हाडाचा इतिहास मजेशीर आहे. १९७२ मध्ये चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जनने मांडलं की वरचं हाड, म्हणजे अ‍ॅक्रोमियन, टेंडनवर घासतं आणि त्याने तो झिजतो. १९८६ मध्ये बिग्लियानी आणि मंडळींनी त्या हाडाचे आकार पाडले. सपाट तो टाइप १, वाकडा तो २, आकड्यासारखा तो ३. तेव्हापासून रिपोर्टात ते छापून येतं आणि माणूस घाबरतो. टाइप २ हे निदान नव्हे, अनेकांचं असतंच तसं. आज आम्ही बहुतेक जण मानतो की टेंडन वयाने, कामाने, शुगर-सिगारेटने आतूनच कमकुवत होतो. जुन्या शर्टाची कॉलर मानेपाशी विरते, चार धागे सुटतात, तरी शर्ट अंगात घालता येतोच. तशी अर्धवट फाट.

न पडता-झडता झालेल्या पूर्ण फाटीतसुद्धा आधी व्यायामच. अमेरिकेत मून नावाच्या गटाने अशा ४५२ रुग्णांना ठरलेली फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांत चारातल्या एकापेक्षा कमी लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, आणि ज्यांना करायचं होतं त्यांनी ते बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच ठरवलं. म्हणून तीन महिन्यांची मुदत, ती कुणी हवेतून काढलेली नाही. फिनलंडमध्येही ५५ च्या पुढच्यांत, आपोआप झालेल्या सुप्रास्पिनेटसच्या फाटीत, व्यायाम विरुद्ध शिवणं यात दोन वर्षांनी म्हणण्यासारखा फरक नव्हता.

पण नॉर्वेत १०३ रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. लहान-मध्यम पूर्ण फाटी. तिथे दहा वर्षांनी शिवलेले पुढे निघाले. न शिवलेल्यांतल्या काहींची फाट वाढतही गेली. तेव्हा चाळिशीतला, अंगमेहनतीचा, पूर्ण फाट असलेला माणूस आला तर मी त्याला 'विसरा' म्हणणार नाही.

आणि पडून झालेली फाट हा वेगळाच मामला. काल हात उचलत होता, आज पडलो आणि उचलतच नाही, असं असेल तर तीन महिने थांबायचं नाही. लवकर दाखवायचं. टेंडन मागे सरकतो, स्नायूत चरबी भरते, मग शिवायला उरत नाही.

लेस्टरकर
डॉक्टर, शाबूत टेंडनचा मुद्दा मान्य. ते वाक्य मागे.

मोगरा_अबोली
डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार दुजोरा. बाबा ६६ चे. पावसात मोरीपाशी स्कूटर घसरली. एक्स-रेत हाड ठीक, म्हणून "मुका मार आहे" असं सांगून घरी पाठवलं. बाबांचा हात बाजूने उचलायला लावला तर खांदा कानापर्यंत वर जायचा आणि हात तिथेच. दुसऱ्याने वर नेऊन सोडला तर फडक्यासारखा खाली यायचा. शेजारच्या काकांनी मालिशवाला आणला, त्याने नस चढलीय म्हणून असं काही रगडलं की दंड काळानिळा. मावसभाऊ फिजिओ करतोय, तो बघून गेला आणि सोनोग्राफी काढायला लावली. पूर्ण फाट, मागे सरकलेली. शिवली.

ऑपरेशन म्हणजे सुटका असंही नाही बरं का. सहा आठवडे हात काखेतल्या उशीच्या पट्ट्यात. आंघोळ, जेवण, सगळं डाव्या हाताने. झोप आरामखुर्चीत. त्यानंतर पहिले दिवस फिजिओच हात हलवणार, बाबांनी स्वतः जोर लावायचा नाही. ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांच्या पुढे. म्हणजे फिजिओ चुकत नाहीच, फक्त उशिरा सुरू होते.

भिंतीवर बोटं चालवत वर नेण्याचा व्यायाम होता. आई रोज बोट पोचेल तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारायची आणि तारीख घालायची. हॉलच्या भिंतीला रंग देताना बाबांनी तेवढा पट्टा सोडायला लावला.

पावशेर
सचिनचं पण खांद्याचं ऑपरेशन झालं होतं ना? २००६ ला लंडनला. त्यानंतर सात वर्षं खेळला की.

तळटीप
त्याला रोज दोन तास घेणारा फिजिओ संघाबरोबर फिरत होता. आपल्याकडे कामवाली आली नाही की व्यायाम बुडतो.

कर्जत_स्लो
खांदेपालट फक्त मंत्रिमंडळात बरी.

चिंचगुळ
केवढं लिहिलंत सगळ्यांनी. डॉक्टर, ऋता, आभार. नवऱ्याला हात उचलायला लावला, जवळजवळ पूर्ण वर गेला. म्हणजे फ्रोझन नसावा. मी पडलेही नव्हते.

पहिले डॉक्टर एक इंजेक्शनही सुचवत होते, स्टिरॉइडचं. घ्यावं का? बहीण म्हणते, एकदा घेतलं की सवय लागते.

हाडंबिडं
सवय लागत नाही. काही आठवडे दुखणं उतरतं, पुढे परिणाम ओसरतो. लेस्टरकरांनी सांगितलेल्या ग्रास्पमध्येही इंजेक्शनवाल्यांना आठव्या आठवड्याला थोडा फायदा दिसला, वर्षभराने नाही. दुखण्याने झोप उडाली असेल, व्यायामच करता येत नसेल, तर एखादं घेऊन त्या काळात व्यायाम रेटायचे. पुन्हा पुन्हा घेत राहणं टेंडनला चांगलं नाही. आणि तुमची शुगर त्यानंतर काही दिवस चढेल, तेव्हा घ्यायचंच ठरलं तर शुगरच्या डॉक्टरांना आधी सांगा. ७.८ आधी खाली आणा असं मी म्हणेन.

डंबेलराव
प्लाझ्मावालं इंजेक्शन? आमच्या जिममध्ये दोघांनी घेतलं. आपलंच रक्त फिरवून टोचतात.

हाडंबिडं
पीआरपी. महाग आहे आणि पुरावा एका दिशेने बोलत नाही. मी पहिल्यांदा सुचवत नाही.

तुमच्या जिमवाल्यांना मानेमागून बार खाली आणणं बंद करायला सांगा, त्याने माझी जास्त सोय होते.

ओसरी
एक भर घालते, कारण आमच्या घरी घडलंय. प्रत्येक खांदेदुखी खांद्याची नसते. काकूंचं दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत जायचं, मुंग्या यायच्या, ते मानेचं निघालं. मामांचा डावा खांदा दुखत होता, सोबत घाम आणि छातीत जडपणा. त्यांना पट्टी ओढायला लावली असती तर काय झालं असतं कोण जाणे, वेळेत नेलं म्हणून वाचले. ताप, वजन उतरणं, रात्रंदिवस एकसारखं दुखणं असेल तरी आधी डॉक्टर.

आणि फिजिओ निवडताना नोंदणी विचारा. महाराष्ट्रात भौतिकोपचार परिषदेची नोंदणी असते. तीन महिन्यांचा मसाज कोर्स करून पाटी लावणारेही आहेत.

सदूभाऊ_निफाड
पाटी लावणाऱ्यांत आमच्या गावचा एक आहे. ऊस, म्हैस आणि माणूस तिन्ही बघतो.

ऋता_फिजिओ
हाहा. सदूभाऊ, म्हशीचं तरी ऐकून घेतो का तो?

चिंचगुळ, शिकवण्याबद्दल राहिलं. फळ्यापाशी एखादा ठोकळा किंवा बुटका पाट ठेवा. तुम्ही वर उभ्या राहिलात की हात खांद्याच्या खाली राहतो. फळ्याच्या अगदी जवळ उभ्या रहा, लांबून हात ताणून लिहिलं की भार कितीतरी वाढतो. पुसायचं काम मुलांना द्या. रात्री उताणं झोपून दुखऱ्या दंडाखाली घडी केलेली चादर, किंवा चांगल्या कुशीवर झोपून पोटापाशी उशी आणि तिच्यावर हात.

---

*(दोन महिन्यांनंतर)*

चिंचगुळ
धागा वर काढते, कारण अशा धाग्यांवर शेवटी काय झालं ते कुणी सांगत नाही म्हणून मीच कुरकुरत असते.

ऑपरेशन केलेलं नाही. एका फिजिओबाईंकडे आठवड्यातून एकदा जाते, बाकी घरी. मशीन त्यांनी एकदाही लावलं नाही. रात्रीचं दुखणं सगळ्यात आधी गेलं, खरं सांगायचं तर तेवढ्यावरच मी खूश होते. बाटलीत आता काठोकाठ पाणी असतं. पट्टी पिवळीवरून लाल झाली. हात बाजूने वर नेताना ती कळ अजून आहे, पण पूर्वी तोंडातून शब्द निघायचा, आता भुवई आक्रसते इतकीच. हूक मागून लावता येत नाही अजून, पुढे लावून फिरवते. परीक्षेचे पेपर तपासायच्या आठवड्यात व्यायाम बुडाले आणि दुखणं लगेच हजर झालं.

शुगर ७.१. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आले. ताकद वाढलीय, पुढे चालू ठेवा, पुन्हा एमआरआय नको म्हणाले. मी विचारलं, फाट भरली का हे बघायला नको? तर म्हणाले, ते बघून तुम्ही किंवा मी वेगळं काय करणार आहोत?

बेळगावचा_कुंदा
अभिनंदन. बाईंचा पत्ता खासगी निरोपात पाठवाल का? बेळगावहून येईन.

ऋता_फिजिओ
छान चाललंय. मागे हात नेण्याची हालचाल सगळ्यात शेवटी येते, तिच्या मागे लागून ओढाताण करू नका. बरं वाटलं तरी आठवड्यातून दोन-तीनदा पट्टी सुरूच ठेवा.

पावशेर
मीही शेवटी डाव्याला दाखवून आलो. कफच आहे, फाट नाही. रंगाचं काय गणित आहे? दुकानदार म्हणाला हिरवी घ्या, पुरुष आहात.

ऋता_फिजिओ
थेराबँडमध्ये पिवळी हलकी, मग लाल, हिरवी, निळी, काळी. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे असू शकतात. पुरुष-बाई काही नाही, पंधरा वेळा नीट करता आलं पाहिजे आणि शेवटच्या दोन-तीनला मेहनत वाटली पाहिजे. दुखऱ्या खांद्याला पिवळीपासूनच सुरू करा.

पावशेर
हिरवी घेऊन झालीय. दाराच्या मुठीला बांधली होती, बायकोने पलीकडून दार उघडलं. खांदा ठीक आहे, चष्मा गेला.

ऋता_फिजिओ
मुठीला नाही हो. पट्टीच्या टोकाला जाड गाठ मारा, ती दाराच्या पलीकडे ठेवून बिजागरीच्या बाजूच्या फटीत पट्टी अडकवा आणि कडी लावा. पिवळी आणाल तेव्हा आधी ताणून बघा, कडेला चिरा असतील तर परत करा.